आमची वाटचाल: आधी पाणी, मग यंत्र

आमचा व्यवसाय घरगुती फिल्टर बसवण्यापासून सुरू झाला. मागणी आली की यंत्र न्यायचं, भिंतीला टांगायचं, नळाला जोडायचं. आज आमचा बहुतेक वेळ पाणी तपासण्यात, टाक्या धुण्यात आणि आधीच बसलेल्या यंत्रांच्या देखभालीत जातो. नवीन यंत्र सगळ्यात शेवटी येतं, आणि बऱ्याच घरांत त्याची गरजच पडत नाही. कामाचा क्रम असा का फिरला, ते सांगतो.

"पाण्याला चव नाही", "वास येतो", "मचूळ लागतं" अशी तक्रार आली की आम्ही आधी तीन ग्लास पाणी घेतो. पहिला सकाळी नळ उघडल्या उघडल्या, दुसरा त्याच नळाचं पाणी दोन-तीन मिनिटं सोडल्यावर, आणि तिसरा टाकीत जाण्याआधीच्या थेट जोडणीतून. पहिलं खराब आणि दुसरं चांगलं असेल तर दोष घरातल्या पाइपात किंवा तोटीत, रात्रभर थांबलेल्या पाण्यात आहे. पहिली दोन्ही खराब आणि तिसरं चांगलं, म्हणजे टाकी. तिन्ही सारखीच असतील तर पाणीच मुळात तसं येतंय, आणि मगच यंत्राचा विचार करायचा. एवढ्या साध्या तपासणीने बरीच अनावश्यक खरेदी वाचते.

वासाबाबत आणखी एक काळजी घेतो. ग्लास भरून दुसऱ्या खोलीत नेऊन हुंगतो. तिथे वास आला नाही तर पाणी निर्दोष आहे, वास सिंकच्या सांडपाण्याच्या नळीतला आहे. सडक्या अंड्यासारखा वास फक्त गरम पाण्याला असेल तर गिझर उघडतो. आतल्या मॅग्नेशियमच्या अॅनोड रॉडमुळे (टाकी गंजू नये म्हणून बसवलेल्या दांडीमुळे) काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. टाकी ६० अंशांच्या वर तापवून पूर्ण रिकामी केली की वास जातो. पुन्हा आला तर अॅल्युमिनियम-जस्ताचा रॉड घालायचा. औषधासारखा वास येत असेल तर नळाला लावलेली रबरी किंवा हलक्या प्लास्टिकची नळी काढून बघावी. तिच्यातली फिनॉलवर्गी द्रव्यं क्लोरीनशी मिळून क्लोरोफिनॉल होतात, आणि ती अगदी नगण्य प्रमाणातही जिभेला कळतात. मातीसारखा, कोंदट वास मात्र जिओस्मिनचा असतो. तो शेवाळी जीवांपासून येतो आणि एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. त्याने अपाय होत नाही, चांगल्या कार्बन फिल्टरने तो जातो. पांढरट पाण्याचा ग्लास खालून वर स्वच्छ होत गेला तर ती हवा आहे. तळाशी काही बसलं तर तो गाळ आहे.

टाकीचं काम आम्ही पुढे स्वतंत्रपणे सुरू केलं, कारण क्लोरीनची तपासणी सतत तिकडेच बोट दाखवायची. १० मिलिलिटर पाण्यात डीपीडीची, म्हणजे क्लोरीन ओळखणाऱ्या रसायनाची, गोळी टाकली की उरलेल्या क्लोरीनच्या प्रमाणात गुलाबी रंग येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे घरपोच पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं. थेट जोडणीत गुलाबी आणि टाकीनंतर बिनरंगी, म्हणजे टाकीतला गाळ आणि शेवाळ क्लोरीन खाऊन टाकतंय, किंवा टाकी घराच्या वापरापेक्षा फार मोठी असून पाणी कित्येक दिवस पडून राहतंय. दुसऱ्या कारणावर धुण्याने इलाज होत नाही, बॉलकॉक खाली आणून कमी पाणी साठवावं लागतं.

धुताना प्रमाण पाळावं. गाळ काढून, भिंती घासून टाकी पुन्हा भरायची आणि लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होईल एवढं द्रावण टाकायचं. १००० लिटरला ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट बरोबर १ लिटर लागतं. ब्लीचिंग पावडर ताजी, ३३ टक्क्यांची असेल तर १५० ग्रॅम, जुनी होऊन २५ टक्क्यांवर उतरली असेल तर २०० ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकू नये. बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचं निवळ पाणी ओतावं. मग घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा, बंद करून रात्रभर ठेवायचं, सकाळी सगळं पाणी काढून टाकायचं. या काळात ते पाणी कोणीही पिऊ नये. डाग काढायला अॅसिड वापरलं असेल तर ते पूर्ण धुऊन गेल्याशिवाय ब्लीच उघडूसुद्धा नये, कारण दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि शुद्धीकरण यंत्राचा इनलेट व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, हे तर विसरूच नये.

हे शेवटचं का, तर आजच्या आरओ यंत्रांतली मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पातळ पडदा, पॉलिअमाइड या प्लास्टिकची असते आणि क्लोरीन तिला खातं. म्हणून तिच्या आधी क्लोरीन काढणारा कार्बन फिल्टर असतो. कार्बन संपला की बाहेरून काहीच कळत नाही, मेम्ब्रेन मात्र हळूहळू निकामी होत जाते. आमच्या देखभालीच्या भेटीत पहिली डीपीडी गोळी कार्बननंतरच्या पाण्यात पडते. जराही गुलाबी दिसलं की कार्ट्रिज त्याच दिवशी बदलायचं, तारीख काहीही असो. नवा कार्बन बसवल्यावर पहिलं १०–१५ लिटर काळपट पाणी मेम्ब्रेनकडे न पाठवता बाहेर सोडायचं.

आरओ कुणाला लागतं, यावर आमचं मत ठाम आहे. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरमागे सुमारे ६०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर पाणी सहसा चवीला चांगलं लागतं. १००० च्या पुढे ते नकोसं होत जातं. ३०० टीडीएसच्या पाण्याला चवीसाठी आरओ लावणं म्हणजे चांगली चव काढून टाकणं. क्षार अगदी कमी झाले की पाणी सपक लागतं. मात्र खिशातला टीडीएस मीटर फक्त विद्युतवाहकता मोजून तिला साधारण ०.५ ते ०.७ ने गुणतो. त्यात जंतू दिसत नाहीत, शिसं किंवा आर्सेनिक दिसत नाही. आकडा छान आहे म्हणून पाणी सुरक्षित, असं आम्ही कुणालाही सांगत नाही. फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅम, नायट्रेट ५० मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम या मर्यादा प्रयोगशाळेतच तपासाव्या लागतात. त्या ओलांडल्या असतील तर टीडीएस कितीही असो, आरओ हा उपाय रास्त आहे. उकळून हे पदार्थ जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचं प्रमाण वाढतं.

अशा घरांत "टीडीएस कंट्रोलर"चा व्हॉल्व्ह आम्ही पूर्ण बंद ठेवतो. तो स्क्रू फिरवला की कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं, आणि चवीबरोबर फ्लोराइड-आर्सेनिकही परत येतं. चव हवी असेल तर शेवटी कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीच्या खनिजाचं, कार्ट्रिज लावावं.

खर्चाचा हिशोब लोक चुकीच्या टोकाकडून मांडतात, विजेकडून. २४ व्होल्टचा पंप सुमारे ३६ वॅट खातो आणि ताशी १२ लिटर पाणी देतो, म्हणजे लिटरमागे ३ वॅट-तास, ते किरकोळच. खरा खर्च कार्ट्रिजचा आणि वाया जाणाऱ्या पाण्याचा. एका मिनिटात शुद्ध नळीतून २०० मिली आणि सांडीच्या नळीतून ६०० मिली येत असेल, तर रोज २० लिटर पिण्या-स्वयंपाकाला घेणाऱ्या घरात वर्षाला ७,३०० लिटरसाठी २१,९०० लिटर सांडतं. वर्षभराच्या कार्ट्रिजची किंमत, मेम्ब्रेनची किंमत तिच्या आयुष्याच्या वर्षांनी भागून, आणि या सगळ्या पाण्याचं बिल अशी बेरीज करून तिला ७,३०० ने भागलं की लिटरचा खरा दर निघतो.

सांड कमी करायला काही जण फ्लो रिस्ट्रिक्टर, म्हणजे सांडीच्या नळीतला प्रवाह रोखणारा भाग, आवळतात. ६०० टीडीएसचं पाणी चौथा हिस्सा काढून घेतल्यावर साधारण ८०० होऊन बाहेर पडतं. तीन चतुर्थांश काढलं तर ते २,२०० च्या वर जातं आणि त्यातला कॅल्शियम कार्बोनेट मेम्ब्रेनवरच थर धरतो. जड पाण्यात तर हा खेळ करूच नये. सांडीचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये घेऊन फरशी आणि संडाससाठी वापरणं जास्त परवडतं. थंडीत पाणी कमी येतं म्हणून मेम्ब्रेन बदलायचीही घाई नको. पाणी एक अंशाने थंड झालं की उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी घटतं. आधी आतल्या-बाहेरच्या टीडीएसची तुलना करावी: ६०० चे ४० होत असतील तर मेम्ब्रेन ९३ टक्के क्षार अडवते आहे आणि ती उत्तम आहे.

क्षार कमी आणि शंका फक्त जंतूंची असेल तर ५ मायक्रॉनचा गाळ फिल्टर, कार्बन आणि यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा पुरतो. दिवा निळा दिसतोय म्हणून काम करतोय असं धरू नये. साधारण ९,००० तासांनी, म्हणजे सतत चालू असल्यास वर्षभराने, त्याचे २५४ नॅनोमीटरचे किरण मंदावतात, पण उजेड तसाच राहतो. भोवतीच्या क्वार्ट्झ नळीवरचा थरही दर भेटीत पुसावा लागतो.

जंतूंच्या तपासणीचा नमुना आता आम्हीच घेतो. तोटीची जाळी काढायची, तोंड जंतुनाशकाने पुसायचं, दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं, मग थायोसल्फेट घातलेल्या निर्जंतुक बाटलीत भरायचं. थायोसल्फेट नसेल तर उरलेलं क्लोरीन वाटेतच जंतू मारतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो ६ तासांत, फार तर २४ तासांत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. त्याहून उशीर झाला तर तो नमुना टाकून आम्ही पुन्हा घेतो.