दुसऱ्याच्या मोटारसायकलचे चलान आणि न्यायालयात न सापडणारा माझा खटला

हेल्मेट न घातल्याबद्दल माझ्या नावे आलेल्या ई-चलानातील छायाचित्रात गिअरची काळी मोटारसायकल होती. माझ्या मालकीची आहे ती पांढरी, बिनगिअरची स्कूटर. छायाचित्र मोठे करून पाहिले, तर नंबरप्लेटचा पत्रा कोपऱ्यात दुमडलेला होता आणि त्यामुळे शेवटचा ३ हा अंक ८ असा वाचला गेला होता. वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रार नोंदवून आरसीची प्रत व स्कूटरची छायाचित्रे जोडली. तक्रार फेटाळल्याचा संदेश आला, कारण मात्र दिलेले नव्हते, आणि यथावकाश प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे चलानांची प्रकरणे ऑनलाइन हाताळणाऱ्या न्यायालयात गेले.

ओळखीच्या बहुतेकांचे म्हणणे एकच होते : भरून टाका आणि मोकळे व्हा. परंतु दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९४ड मध्ये १,००० रुपये दंडाबरोबरच तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे, हे सल्ला देणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. लोक अदालतीत रक्कम कमी होईल, असेही सुचवण्यात आले. तेथे तडजोड होते. जी गाडी माझी नाहीच, तिच्याबद्दल मी कसली तडजोड करणार होतो?

व्हर्च्युअल कोर्टाच्या संकेतस्थळावर चलान क्रमांक टाकला, मोबाइलवर आलेला ओटीपी भरला आणि दंड भरण्याऐवजी खटला लढवण्याचा पर्याय निवडला. प्रकरण नियमित न्यायालयाकडे वर्ग होईल, असे पडद्यावर दिसले. येथपर्यंतचे सारे काम घरबसल्या झाले.

खरा मनस्ताप त्यानंतरचा. वर्ग झालेले प्रकरण नेमके कोठे गेले, हे सांगणारा माणूस मला कितीतरी दिवस भेटला नाही. न्यायालयाच्या फौजदारी विभागातील खिडकीवर चलानाचा कागद पुढे केला, की लिपिक माझे नाव संगणकात टाकून पाहत आणि ‘आमच्याकडे आलेले नाही, वाहतूक शाखेत विचारा’ असे सांगत. वाहतूक शाखेत उत्तर ठरलेले होते : कोर्टात गेले, आता आमचा संबंध संपला. दरम्यान चलान प्रलंबित असल्याची नोंद गाडीच्या नावापुढे कायम होती, आणि स्कूटर भाच्याच्या नावावर करून देण्याचे ठरलेले काम त्या एका नोंदीपायी अडून राहिले होते. मी खटला लढवायला तयार, सरकार तो चालवायला तयार, आणि खटलाच बेपत्ता! जेवणाच्या सुट्टीपूर्वी खिडकीशी पोहोचावे, तर ‘साहेब बोर्डावर (म्हणजे सुनावणीत) आहेत, नंतर या’. नंतर जावे, तर खिडकीवर नवीनच माणूस, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सारी हकीकत सांगायची.

अखेरीस तोंडी चौकशी बंद करून मी अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज दिला. चलान क्रमांक, गाडीचा क्रमांक, आरसीवर छापलेले नाव अक्षरन् अक्षर तसेच, आणि सोबत व्हर्च्युअल कोर्टाच्या पानाची छापील प्रत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का मिळाल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही, आणि तुम्हीही सोडू नये. शिक्का पडला की तोच कागद कोणाच्या तरी टेबलावरचे काम होऊन बसतो. अधीक्षक बाईंनी नावाऐवजी गाडीच्या क्रमांकाने शोध घ्यायला सांगितला, तेव्हा प्रकरण त्याच आवारातील दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केव्हाच नोंदवलेले निघाले. नोंदीत आडनाव आधी होते आणि लिपिक शोधत होते ते नाव आधी घालून. शिवाय असे प्रकरण गाडीमालकाच्या राहत्या भागाच्या नव्हे, तर कथित गुन्हा जेथे घडला त्या पोलीस ठाण्याच्या हद्दीच्या न्यायालयात जाते. एवढे एक वाक्य त्या खिडकीवर कागदाला लिहून चिकटवले असते, तर माझ्यासारख्या कित्येकांचे हेलपाटे वाचले असते. बाईंनी मला नवा सीएनआर क्रमांक, म्हणजे न्यायालयातील प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून दिला. त्या सोळा अक्षर-अंकांवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये पुढची तारीख घरी बसून दिसते. तो हाती येताच मी आधी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

सुनावणी त्या मानाने किरकोळ ठरली. पुकारा झाल्यावर पुढे उभे राहायचे आणि ‘गुन्हा कबूल आहे का?’ या प्रश्नाला ‘कबूल नाही’ एवढेच म्हणायचे. हकीकत सांगण्याची वेळ त्यानंतर येते. छायाचित्रांच्या रंगीत प्रती मी सोबत नेल्या होत्या, कारण काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये गाडीचा रंगच कळत नाही. न्यायाधीशांनी दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली आणि सरकारी वकिलांकडे सरकवली. त्यांनीही गाडी वेगळी असल्याचे मान्य केले आणि प्रकरण तेथेच निकाली निघाले. मी वकील दिला नव्हता. गाडी तुमचीच असेल आणि वाद सिग्नलचा किंवा वेगाचा असेल, तर मात्र वकील अवश्य द्यावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ नुसार इलेक्ट्रॉनिक यंत्राने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवावी लागते आणि यंत्रालाही मान्यतेचे प्रमाणपत्र लागते. असे मुद्दे नेमके कोठे व कसे मांडावेत, हे जाणकारालाच कळते.

चलान आल्या दिवशीच छायाचित्र उतरवून ठेवावे, हे खरे तर आधीच सांगायला हवे होते. पुढे संकेतस्थळावरचा दुवा उघडेलच, याची खात्री नसते. तसेच आदेश झाल्यावर लगेच नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत घ्यावी. निकालानंतरही माझ्या गाडीवरची नोंद आपोआप गेली नाही. प्रमाणित प्रत वाहतूक शाखेत देऊन तिचीही पोच घेतली, तेव्हा कोठे ती हटली आणि स्कूटर भाच्याच्या नावावर झाली.