तिसरा नमुना

"याला चमकी कुठाय?"

लेकीच्या हातातली वस्तू बघून बाईंनी आज पहिलं हेच विचारलं. शाळेतून आल्यापासून पोरगी गप्प आहे, आणि मलाही चैन नाही.

वस्तू म्हणजे पुठ्ठा आणि पातळ प्लायचा एक छोटा चौरंग, वरून तिरपा. तिची आज्जी चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेय. मान कायम खाली. नववीतल्या या पोरीनं लोकरीच्या दोऱ्यानं मांडीपासून डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजलं आणि सूप वर उचलायचं ठरवलं. पहिल्या नमुन्यावर आज्जी म्हणाली, "पानं घसरतेत गं." मग उतार कमी केला. दुसऱ्यात कोपर अडकायला लागलं. तिसऱ्यात पुढच्या कडेला बोटभर पट्टी लावली, आणि आज्जी काही न बोलता वळत बसली. तासभर!

याला प्रॉडक्ट डिझाइन म्हणतात. इंग्लंडमध्ये १९९० पासून डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हा शाळेच्या अभ्यासक्रमातला विषय आहे. वापरणाऱ्याला विचारा, नमुना करा, चुकलं तर पुन्हा करा, हेच त्यात शिकवतात. आणि आपलं सोलापूर तर जेकार्ड म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडून चादरीवर नक्षी उतरवणारं गाव. इथल्या पोरांना हे परकं कसं वाटेल?

बाईंवर राग नाही. पण पहिले दोन फसलेले नमुने तिनं मुद्दाम पिशवीतून नेले होते. ते कुणी बाहेर काढायलाच सांगितलं नाही.

तुमच्या पोरांच्या शाळेत कुणी विचारतं का, "हे कुणासाठी केलंस?"