घड किती ठेवणार ते आधी सांगा, युरियाचं नंतर बघू

द्राक्षाची गोडी छाटणी (ऑक्टोबरच्या आसपासची, माल धरण्यासाठीची) झाली की नारायणगावकडच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेड्यूल फिरायला लागतात. कितव्या दिवशी कुठलं खत, एकरी किती किलो, सगळं असतं, फक्त वेलीवर घड किती ठेवलेत हे कुणी विचारत नाही. मी पडलो पुण्यात राहून सुट्टीला बाग बघणारा, मला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही.

तर एक टन द्राक्षं बागेतून गेली की सोबत साधारण दीड-दोन किलो नत्र (नायट्रोजन) जातं. एकरी १० टन धरा, २० किलोच्या आतच बसतं, आणि युरियात निम्म्याला थोडं कमी नत्र असतं, म्हणजे ४५ किलोची एक गोणीसुद्धा पुरती लागत नाही. वाढीला लागतं, वाहूनही जातं, त्यामुळे थोडं जास्त द्यावं लागतं हे मान्य, पण छाटलेली काडी कुट्टी करून बागेतच टाकली तर तिच्यातलं हळूहळू परत मिळतं की! मग शेड्यूलमधल्या तीन-तीन गोण्या कशाला?

त्यात डोळे फुटतात ते बरंचसं मुळ्या, खोड, ओलांड्यात (तारेवरच्या जाड फांद्यांत) आधीच साठलेल्या नत्रावर. पुढे मणी फुगायला लागले की घड नत्र ओढतात, जमिनीतून पुरेसं नाही आलं तर पानांतून आणि साठ्यातून घेतात. माल जास्त लादलेल्या वेलीची खालची पानं मण्यांत पाणी उतरल्यावर (मणी मऊ व्हायला लागल्यावर) पिवळी पडतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं (मॅग्नेशियमची कमतरताही तशीच दिसते, म्हणून नुसत्या पानाच्या रंगावर खत टाकू नये).

शेजारचे आप्पा म्हणाले, "मी निम्मे घड काढलेत, आता खत दिलं की उरलेले कसे फुगतील बघ." आप्पा, घड कमी झाले की नत्राला गिऱ्हाईक कमी झालं, उरलेलं शेंड्यात जातं, बगलफुटी (बाजूच्या फुटी) निघतात, आत सावली होते आणि मग भुरी या बुरशीरोगाच्या फवारण्या मोजत बसायचं. खरड छाटणीनंतरच्या (माल गेल्यावर, एप्रिलच्या आसपास करतात ती) वाढीतही अशीच सावली झाली तर पुढच्या वर्षीचे घडही काडीत नीट तयार होत नाहीत. विरळणी करायची तर लवकर करा, उशिरा कापलेल्या घडात गेलेलं नत्र वेलीखाली पडून राहतं, त्या हंगामात काही कामाचं नाही.

माझ्या मते फुलोऱ्यात देठ तपासून घ्यावेत. घडासमोरचं पान तोडायचं, पातं तिथेच टाकायचं, फक्त देठ कागदी पिशवीत. रिपोर्ट आणि घडांची संख्या शेजारी ठेवून डोस ठरवायचा.

वाइनच्या द्राक्षांत अजून एक गंमत आहे, घड कमी केले की साखर लवकर चढते पण रसातलं नत्र वाढेलच असं नाही, आणि यीस्टला लिटरमागे साधारण १४० मिलिग्रॅम तरी लागतं, नाहीतर आंबवण रखडते.

सगळ्यात वाईट म्हणजे व्यापाऱ्याची गाडी गेली की ठिबक बंद करायची सवय. पानं हिरवी असतात, खरड छाटणीला अवकाश असतो, साठा भरून घ्यायची वेळ तीच असते, आणि जिने जास्त माल दिला त्या वेलीला तर तेव्हाच थोडं पाणी आणि हलका डोस हवा असतो.