माशी नव्हे, नळी

रविवार, रात्र.

गेले तीन रविवार मी माझ्या एअरसॉफ्ट रायफलीतला (प्लास्टिकचे छर्रे उडवणारी, बॅटरीवरची खेळाची बंदूक) दोष चुकीच्या जागी शोधत होतो, हे आज दुपारी शिवडीच्या गोदामात उमगले. छर्रे डावीकडे गेले की मी साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खुणेचा, स्क्रू फिरवीत असे आणि अंतर बदलले की ते पुन्हा भलतीकडेच जात. मामांचे गोदाम रिकामे असेल तेव्हाच हे काम करता येते, कारण हुबेहूब रायफलीसारखी दिसणारी वस्तू घेऊन मुंबईत गच्चीवर उभे राहण्याचा विचारही करू नये. मी ती बंद पेटीतूनच ने-आण करतो.

आज प्रथमच स्क्रूला हात न लावता नुसते मोजमाप केले. नेम 8 मीटरवर बरोबर जुळलेला असताना 4 मीटरवर छर्रे दीड सेंटिमीटर उजवीकडे लागले आणि 14 मीटरवर आठेक सेंटिमीटर डावीकडे. माशी (नळीच्या पुढच्या टोकावरची नेमाची खूण) नुसती एका अंगाला सरकलेली असती, तर चूक सरळ रेषेत वाढून 14 मीटरवर सव्वादोन सेंटिमीटरच भरली असती. म्हणजे छर्रा वाटेतच वळत होता, आणि वळणाऱ्या छर्‍यापुढे साइटचा स्क्रू काय करणार?

नळीच्या मागच्या टोकाशी हॉप-अपचे रबर असते. ते छर्‍याला वरून किंचित दाबते, त्यामुळे छर्रा उलटी गिरकी घेत निघतो आणि हवेत तरंगल्यासारखा दूर जातो. हा दाब घड्याळातल्या बाराच्या जागेऐवजी अकराकडे पडला, तर उचल थोडी डावीकडेही मिळते. मॅगझिन काढले, गोणपाटावर दोन रिकामे बार करून नळीत काही अडकलेले नाही याची खात्री केली, बॅटरी सोडवली आणि नळी बाहेर ओढली. रबरावरची उंच रेघ नळीच्या खाचेत न बसता कडेवर चढली होती. पावसाळ्यानंतर सफाई करून ते रबर मीच बसवले होते, तेव्हा बोल लावायला दुसरे कोणी नाही.

शिवाय आतली नळी बाहेरच्या नळीत खुळखुळत होती. प्लंबर वापरतात ती टेफ्लॉनची पट्टी दोन ठिकाणी गुंडाळल्यावर ती घट्ट बसली.

माशी मात्र अगदीच निर्दोष नव्हती. बाबांच्या हत्यारांच्या पेटीतला ओळंबा मी सकाळीच मागून घेतला होता (“भिंत बांधतोयस की काय?” एवढेच त्यांनी विचारले). तो 10 मीटरवर टांगला, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून पाणसळीने समतल केली आणि मागून पाहिले, तर माशी दोऱ्याच्या मानाने उजवीकडे कललेली दिसली. तिचे बारीक स्क्रू सैल करून ती दोऱ्याशी समांतर केली आणि मगच, सगळ्यात शेवटी, 8 मीटरवर नेम नव्याने जुळवला.

आता 4 आणि 14, दोन्ही अंतरांवर छर्रे मधल्या उभ्या रेषेभोवतीच पडतात. 14 मीटरवर ते अजूनही तळहाताएवढ्या जागेत विखुरतात, पण 5.95 मिलिमीटरचा छर्रा 6.08 मिलिमीटरच्या नळीतून जात असताना मी याहून अधिक मागणार नाही. मामांचा रखवालदार किल्ल्या वाजवीत दाराशी आला, तेव्हा मी केरसुणीने छर्रे गोळा करीत होतो.