दोष एकाचा, आयआरक्यू जातो सगळ्यांचा

डिव्हाइस सीपीयूचं लक्ष वेधायला हाक मारतो त्याला इंटरप्ट म्हणतात आणि ती हाक ज्या क्रमांकाच्या लाईनवरून येते तो आयआरक्यू. लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड' (हाक आली, पण कोणी आपली म्हटली नाही) ही ओळ आली, मागोमाग 'डिसेबलिंग आयआरक्यू' आलं, की बहुतेक लोक खाली छापलेल्या हँडलरच्या (हाकेला उत्तर देणाऱ्या ड्रायव्हरमधल्या फंक्शनच्या) नावाला धरतात. तिथे यूएसबीचा ड्रायव्हर दिसला की झालं, यूएसबी खराब. मला हे फार खटकतं, कारण ती यादी गुन्हेगारांची नाहीच. त्या लाईनवर नाव नोंदवलेल्या ज्या ज्या ड्रायव्हरना कर्नलने विचारलं आणि ज्यांनी 'हा इंटरप्ट माझा नाही' असं सांगितलं त्यांची ती यादी आहे. म्हणजे खरा दोषी बरेचदा त्यात नसतोच, कारण त्याचा ड्रायव्हर लोडच झालेला नसतो.

होतं काय, की जुन्या पद्धतीचे पीसीआय (कार्ड आणि डिव्हाइस जोडायची बस) इंटरप्ट लेव्हल ट्रिगर्ड असतात, म्हणजे लाईन ओढून धरलेली असेपर्यंत मागणी चालूच राहते, आणि एकच लाईन तीन-चार डिव्हाइस वाटून घेतात. एखाद्याच्या फर्मवेअरने (डिव्हाइसमधल्याच प्रोग्रामने) बूटच्या वेळी लाईन ओढून धरली आणि सोडलीच नाही, तर सीपीयू हँडलरमधून बाहेर पडतो न पडतो तोच परत आत, असं चालूच राहतं. लिनक्स कर्नल हे मोजत असतो, १,००,००० पैकी ९९,९०० च्या वर इंटरप्टला कोणी वाली मिळाला नाही तर ती लाईनच बंद करतो. त्यानंतर दर १०० मिलिसेकंदांनी नुसतं डोकावून बघतो, म्हणून माउस पूर्ण मरत नाही पण अडखळत चालतो आणि माणसाला वाटतं माउसच बिघडला.

आता दोषी शोधायचा कसा, तर एलएसपीसीआय ही पीसीआय डिव्हाइसांची माहिती देणारी कमांड दोन व्ही लावून (-vv) रूट म्हणून चालवा आणि प्रत्येक डिव्हाइसची स्टेटसची ओळ बघा. शेवटी आयएनटीएक्स (जुन्या पद्धतीचा लाईनवरचा इंटरप्ट) लिहिलेलं असतं, त्याच्यापुढे प्लस असेल तर तो डिव्हाइस या क्षणी इंटरप्ट मागतोय. लाईन बंद झाल्यावरसुद्धा प्लस तसाच राहिला, तर तुमचा माणूस सापडला समजा. पीसीआय मानकाच्या २.३ आवृत्तीच्या आधीच्या कार्डांत हा बिट नसतो, तिथे एकेक कार्ड काढूनच बघावं लागतं.

आणि कधीकधी प्लस दिसतो तो भलत्याच आयआरक्यूवाल्या डिव्हाइसवर! म्हणजे बेवारस इंटरप्टचं वादळ १६ वर आणि प्लसवाला म्हणतोय मी १९ वर आहे. असं असेल तर कार्ड निर्दोष आहे, बायोसचा एसीपीआय टेबल चुकीचा आहे. कोणती पिन कुठल्या लाईनला जोडलीय हे त्या टेबलात लिहिलेलं असतं, कर्नल त्यावर विश्वास ठेवतो, आणि बिचारा ड्रायव्हर १९ वर वाट बघत टाइमआउट होत बसतो. हे दोन प्रकार वेगळे ओळखले नाहीत तर चुकीचं हार्डवेअर बदललं जातं.

उपायांत माझी पहिली पसंती एमएसआयला (मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट). त्यात लाईनच नसते, डिव्हाइस मेमरी राईट करून स्वतःचा वेगळा इंटरप्ट पाठवतो, वाटणीच संपली. म्हणून कुठल्याही तक्रारीवर 'पीसीआय बरोबर नोएमएसआय' (pci=nomsi, एमएसआय बंद करणारा बूटचा पर्याय) चिकटवून द्यायचा सल्ला मला अजिबात पटत नाही, त्याने उलट सगळे परत त्याच गर्दीत येतात. ज्यांचं एमएसआयच तुटकं आहे अशांसाठीच तो. दोषी डिव्हाइस लागतच नसेल तर बायोसमधून बंद करा, नाहीतर सेटपीसीआय कमांडने त्याच्या कमांड रजिस्टरचा बिट १० सेट करा, आयएनटीएक्स गप्प होतो (हाही २.३ नंतरच्यांनाच).

लॉगच सुचवतो तो आयआरक्यूपोल हा बूटचा पर्याय कायमचा ठेवू नका. तो टाइमर इंटरप्टला सगळेच हँडलर चालवून बघतो, खर्च होतोच आणि दोष झाकला जातो. केडंपमध्ये (कर्नल कोसळल्यावर दुसरा कर्नल चढवून मेमरीचा डंप घेतात त्यात) तो वापरतात ते ठीक, तिथे मेलेल्या कर्नलने मागे सोडलेले डिव्हाइस लाईन धरून बसलेले असू शकतात आणि तेवढ्यापुरतं डंप घेऊन निघायचं असतं.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती, हँडलर नोंदवायच्या आधी डिव्हाइस रिसेट करा, त्याचे इंटरप्ट मास्क करा (रोखून धरा), फर्मवेअरने सगळं स्वच्छ ठेवलं असेल असं धरू नका. आणि बायोसवाल्यांकडे तक्रार करताना एलएसपीसीआयचा आउटपुट, प्रॉकमधली इंटरप्ट्स फाईल आणि एसीपीआय डंप तिन्ही जोडा, नुसतं 'माउस अडकतो' लिहिलंत तर माउस बदला एवढंच उत्तर येईल.