मदत करायचीय, पण कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी स्वतः अंध आहे, त्यामुळे नवी ओळख जरा मुरली की हा प्रश्न येतोच: "ताई, अंध माणूस दिसला तर मदत कशी करायची? आणि बोलायचं कसं, म्हणजे वाईट वाटणार नाही?"

आधी त्यालाच विचारा. सोबतच्याला नव्हे, त्याला.

मध्यंतरी भाच्याला घेऊन बँकेत गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म त्याच्या हातात दिला आणि त्यालाच विचारलं, "यांना सही करता येते का?" खातं माझं, पगार माझा आणि भाचा अजून कॉलेजात. तो म्हणाला, "आत्यालाच विचारा ना." मग बाई माझ्याशी बोलायला लागल्या, पण आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करत. मला ऐकू चांगलं येतं.

दिसत नाही म्हणजे कळतही नसणार, हे लोकांनी मनाशी धरलेलं असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये कलम 13 आहे. आपले पैशाचे व्यवहार स्वतः सांभाळण्याचा आमचा हक्क इतरांइतकाच आहे, असं ते सांगतं. त्याच्याही आधी, 2008 साली, रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की अंध ग्राहकांना चेकबुक, एटीएम, लॉकर या सोयी भेदभाव न करता द्या. तरी फॉर्म भाच्याच्याच हातात जातो, याचा मला राग येतो.

उलट्या टोकाचंही तसंच. घरी पोहे मी करते म्हटलं की, "धन्य आहे बाई तुमची!" कांदा बोटांच्या अंदाजाने चिरता येतो, मोहरी तडतडली की कानाला कळतं. त्यात धन्य होण्यासारखं काही नाही. माझ्या कामाचं कौतुक करायचं असेल तर ऑफिसातल्या कामाचं करा, ते खरंच अवघड असतं.

शब्दांचं म्हणाल तर मला 'अंध' चालतं, माझ्या एका मित्राला 'दृष्टिहीन' बरं वाटतं, सरकारी कागदावर 'दिव्यांग' असतं. ज्याचं त्याला विचारा. "कालची मॅच पाहिलीत का?" असं मला खुशाल विचारा, मीही 'पाहिली' असंच म्हणते. पण रस्त्यात धक्का लागला म्हणून कुणावर "आंधळा आहेस का?" असं खेकसणं सोडा. तिथे माझं असणं शिवी म्हणून वापरलं जातं.

आता रस्त्याचं. काठी धरून ओढू नका. काठीच्या टोकाने मी खड्डा, पायरी, फुटपाथची कड ओळखते; ती धरलीत की मला पुढचं काहीच कळत नाही. दंडाला धरून ढकलूही नका. "सोबत येऊ का?" एवढं विचारा. हो म्हटलं तर तुमचं कोपर पुढे करा. मी ते धरून अर्धं पाऊल मागे चालते, मग तुम्ही पायरी चढलात की मला हातातूनच समजतं. नको म्हटलं तर राग मानू नका.

खरी गरज बऱ्याचदा बसस्टॉपवर असते. रस्ता ओलांडून द्यायला चारजण धावतात, पण समोर आलेल्या बसचा नंबर कुणी सांगत नाही. तो मोठ्याने सांगा. "इकडे", "तिकडे" म्हणू नका. "तुमच्या डाव्या हाताला, चार पावलांवर दार" असं म्हणा. आणि गप्पा मारता मारता तुमची बस आली, तर "येतो हं" म्हणून जा.