आत्या, दहापैकी किती?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. ऑफिसात डबा खाताना कुणीतरी विचारतं, शेजारच्या काकू मुलाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी विचारतात, आणि भाचा तर फोन उचलल्या उचलल्या विचारतो, "आत्या, दहापैकी किती?" गेम विकत घेण्याआधी रेटिंग बघायचं का, आणि कितीच्या वर असेल तर घ्यायचा, एवढंच सगळ्यांना हवं असतं. मी वीसेक वर्षं गेम खेळते आहे आणि तेवढीच वर्षं गेमचे रिव्ह्यू वाचते आहे. माझं उत्तर असं आहे: रिव्ह्यू जरूर वाचा, आकडा सगळ्यात शेवटी बघा.

हे मी चूक करून शिकले. भाचा दहावी झाला तेव्हा त्याला एक गेम भेट दिला. नव्वदच्या वर सरासरी, सगळीकडे कौतुक. मी फक्त तेवढंच बघितलं. गेम अंधारा होता, कमालीचा अवघड होता, दर दहा मिनिटांनी मरायचं आणि पुन्हा तिथूनच सुरू करायचं. पोरगा दोन संध्याकाळ चिकाटीने बसला आणि मग त्याने तो मुकाट्याने बाजूला ठेवला. मला वाईट वाटू नये म्हणून महिनाभर म्हणत राहिला, "खेळतोय, छान आहे." गेम चांगलाच होता. त्या मुलासाठी तो नव्हता, आणि हे कळायला कुठलाही एक रिव्ह्यू अर्धा वाचला असता तरी पुरलं असतं.

आधी हा आकडा येतो कुठून ते सांगते. बहुतेक लोक ज्याला "रेटिंग" म्हणतात ती मेटाक्रिटिक या २००१मध्ये सुरू झालेल्या साइटवरची सरासरी असते. कुणी दहापैकी देतं, कुणी पाच तारे देतं, कुणी शंभरपैकी. ही साइट ते सगळं शंभराच्या मापात बसवते आणि सरासरी काढते. त्यातही सगळ्यांचं वजन सारखं नसतं. काही प्रकाशनांना जास्त धरलं जातं, काहींना कमी, आणि कुणाला किती ते साइट सांगत नाही. जे समीक्षक आकडाच देत नाहीत, ते हिशेबात येतच नाहीत. युरोगेमर या गेमच्या साइटने २०१५मध्ये आकडे देणं बंद केलं आणि २०२३मध्ये पाच तारे परत आणले. मधली आठ वर्षं तिथे उत्तम समीक्षा लिहिली जात होती आणि सरासरीत ती कुठेच नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी कळल्यावर मी सरासरीकडे बघायची पद्धतच बदलली. त्याच साइटवर सिनेमाला ६१च्या पुढे हिरवा रंग मिळतो. गेमला हिरवा व्हायला ७५ लागतात. म्हणजे ६५चा सिनेमा हिरवा आणि ६५चा गेम पिवळा. कारण गेमचे समीक्षक पूर्वीपासून शाळेसारखे मार्क देत आले आहेत. दहापैकी पाच म्हणजे मध्यम असायला हवं, पण प्रत्यक्षात सात म्हणजे मध्यम आणि पाच म्हणजे नापास. दहावीला सत्तर टक्के पडल्यावर पाहुणे ज्या आवाजात "बरं आहे" म्हणतात, त्याच आवाजात लोक सत्तरच्या गेमला "बरा आहे" म्हणतात आणि पुढे जातात.

पुण्याचा 'राजी' हा गेम असाच सत्तरच्या आसपास अडकला आणि त्याबद्दल मला अजून हळहळ वाटते. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या स्टुडिओने तो केला. २०१७मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी ते थांबले नाहीत, आणि २०२०मध्ये गेम आधी निन्टेंडोच्या स्विच या मशीनवर आणि मग बाकीच्या मशीनवर आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होतं. राक्षसांनी धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेलंय आणि राजी हातात त्रिशूळ घेऊन त्याला शोधत निघालीये, अशी गोष्ट. दुर्गा आणि विष्णू वरून बघत आपसात बोलत असतात, मधली कथा सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितली जाते.

परदेशातल्या रिव्ह्यूंमध्ये तक्रारी साधारण सारख्या होत्या: मारामारी अडखळते, तेच तेच होतं, आणि शेवट मध्येच तुटल्यासारखा येतो. त्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. शेवट आला तेव्हा मी कंट्रोलर हातात धरून तशीच बसले होते, अजून काहीतरी पुढे असेल म्हणून. पण त्या आधीचं सांगते. वाड्याच्या अंगणात राजी पोचते, खांबाला धरून वर सरकते, झरोक्यातून आत उडी मारते, समोर भिंतीवर पुराणातली चित्रं, आणि एका कोपऱ्यात दगडी मंडल, ज्याची वर्तुळं फिरवून जुळवायची. जुळलं की त्यात बहीणभावाचे जुने दिवस दाखवणारं चित्र उभं राहतं. वीस वर्षं मी जपानी मंदिरांमधून, युरोपातल्या किल्ल्यांमधून, अमेरिकेतल्या वाळवंटांमधून धावत आले होते. झरोक्यातून पहिल्यांदाच. माझ्या आईने मागून येता येता स्क्रीन बघितली आणि उभी राहिली. "ही देवी बोलतेय का?" तिने विचारलं आणि खुर्ची ओढून बसली. गेम इंग्रजीत होता (हिंदी आवाज नंतर, २०२२च्या आवृत्तीत आला), म्हणून मी तिला अर्थ सांगत सांगत खेळले. हे सत्तरमध्ये कुठे बसवायचं? समीक्षकाने बसवावं अशीही माझी अपेक्षा नाही. त्याच्या आईने कधी खुर्ची ओढलेली नसते. पण तुमची आई ओढू शकते, हे तुम्हाला आकड्यावरून कळणार नाही, तपशिलांवरून कळेल.

म्हणून रिव्ह्यू वाचताना मी आधी हे बघते की लिहिणारा माणूस कोण आहे आणि त्याला कशाचा कंटाळा येतो. २०१० साली 'डेडली प्रिमॉनिशन' नावाचा जपानी गेम आला. अमेरिकेतल्या एका गावात खुनाचा तपास करायला आलेला एफबीआयचा माणूस, जो कॉफीच्या कपात भविष्य बघतो आणि कुणा अदृश्य मित्राशी बोलतो. आयजीएन या गेमच्या साइटने त्याला दहापैकी दोन दिले. डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या साइटने दहापैकी दहा. समीक्षकांमध्ये इतकी फूट पाडली म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली. मी दोन्ही रिव्ह्यू वाचून तो खेळले, आणि दोघंही खरं बोलत होते. गाडी चालवताना हात दुखतात, चित्रं त्या काळाच्याही मागची, गोळ्या झाडायची पद्धत वैताग आणते. आणि तरी त्या माणसाची दाढी रोज वाढते, करायला विसरलं तर वाढलेलीच राहते, कपडे धुतले नाहीत तर भोवती माश्या फिरतात, आणि हळूहळू तो आपल्या ओळखीचा होतो. दोन आणि दहाची सरासरी काढली तर सहा येतात. सहा म्हणजे कुणालाच न आलेला अनुभव.

माणसानंतर मशीन आणि वेळ. २०१७मध्ये 'प्रे' आला तेव्हा आयजीएनच्या समीक्षकाची सेव्ह फाइल (खेळ कुठवर आला त्याची नोंद) शेवटाजवळ येऊन बिघडली, पुढे जाताच येईना. त्याने पीसीवरच्या गेमला चार दिले. कंपनीने दुरुस्ती केल्यावर त्याने गेम पूर्ण केला आणि आठ दिले. आठवर ओरडणारे होते, चारवरही होते. मला मात्र दोन्ही वेळा त्याने वाचकाशी इमान राखलं असं वाटतं. उलट बाजूचं उदाहरण 'सायबरपंक २०७७'. डिसेंबर २०२०मध्ये तो यायच्या आधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत दिली होती आणि स्वतः घेतलेलं चित्रण दाखवायची परवानगी नव्हती. कौतुकाचे रिव्ह्यू त्या पीसीवरचे होते. सोनीच्या जुन्या पीएस४वर, म्हणजे प्लेस्टेशन ४ या मशीनवर, तोच गेम इतका मोडका निघाला की सोनीने आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढून टाकला. पीएस४वरची सरासरी साठच्याही खाली गेली. आज, २०२३च्या मोठ्या सुधारणांनंतर, तो गेम नव्याने शिफारस करण्यासारखा आहे. आता यातला कुठला आकडा "सायबरपंकचं रेटिंग"? तुमच्याकडे कुठलं मशीन आहे आणि रिव्ह्यूवर तारीख काय आहे, हे बघितल्याशिवाय उत्तर नाही.

रिव्ह्यू विकलेले असतात का, हेही विचारतात. बहुतेक नसतात असं माझं मत आहे, पण दबाव असतो. २००७मध्ये समीक्षक जेफ गर्स्टमन यांनी गेमस्पॉट या साइटवर 'केन अँड लिंच'ला दहापैकी सहा दिले, त्या वेळी साइटवर त्याच गेमच्या मोठ्या जाहिराती झळकत होत्या. त्यानंतर त्यांची नोकरी गेली. मला जास्त टोचतं ते दुसरंच. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' करणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस मिळणार होता, असं त्यांच्यातल्याच ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२मध्ये सांगितलं. मिळाले ८४. आज लोक त्या गेमचं नाव काढताना हातातलं काम थांबवून बोलतात. आकडा फक्त ग्राहकाला सल्ला देत नाही, तो बनवणाऱ्यांच्या घरापर्यंत जातो, म्हणून तरी तो हलक्या हाताने वापरू नये.

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या टक्क्यांचा मात्र पुष्कळांचा गैरसमज असतो, तेवढा दूर करते. तिथे "९६ टक्के" म्हणजे शंभरपैकी ९६ मार्क नव्हेत. शंभरातल्या ९६ जणांनी अंगठा वर केला, एवढंच. सगळ्यांना "बरा" वाटलेला गेमही तिथे ९६ला पोचतो. आणि अंगठे रागानेही खाली जातात. मे २०२४मध्ये 'हेलडायव्हर्स २'साठी सोनीचं अकाउंट जोडणं सक्तीचं होणार असं जाहीर झालं, तेव्हा दोन-तीन दिवसांत दोन लाखांवर नकारात्मक रिव्ह्यू पडले. गेम तोच होता, राग सक्तीवर होता, आणि सोनीला माघार घ्यावी लागली. मी तिथे प्रत्येक रिव्ह्यूवर लिहिलेले तास आधी बघते. चाळीस तास खेळून "घेऊ नका" म्हणणाऱ्या माणसाचं मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. त्याला काहीतरी आवडलं होतं आणि काहीतरी हातातून निसटलं, ते तो नेमकं सांगतो.

(शेजारच्या काकूंसाठी वेगळं: तुम्ही विचारता ते रेटिंग वयाचं असतं. डब्यावर किंवा दुकानाच्या पानावर १८ किंवा एम लिहिलं असेल तर गेम कितीही गाजलेला असो, नऊ वर्षांच्या मुलाला देऊ नका.)

भाचा आता इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत तो 'डेथ स्ट्रँडिंग' सेलमध्ये बघत होता. "आत्या, एकजण सहा पूर्णांक आठ म्हणतो आणि जपानी मासिक चाळीसपैकी चाळीस. काय करू?" ते मासिक म्हणजे फामित्सू. तिथे चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. मी म्हटलं, कमी गुणांचा रिव्ह्यू मोठ्याने वाच. त्याने वाचला, आपल्या शब्दांत मला सांगत गेला. नुसतं चालायचं. पाठीवर खोक्यांची चळत. उतारावर तोल जातो, दोन्ही बटणं दाबून सावरायचा. नदी खोल असेल तर माल वाहून जातो. तासन्‌तास हेच. वाचता वाचता त्याचा आवाज बदलला. हा मुलगा दर पावसाळ्यानंतर पाठीला सॅक लावून सह्याद्रीत जातो, मागच्या वर्षी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढून आला.

"आत्या, हे तर नळीच्या वाटेसारखंच आहे," तो म्हणाला.

घेतला त्याने. आठवड्याने रात्री साडेअकराला फोन आला. "आत्या, बूट फाटले. नदीच्या अलीकडेच, माल भिजायला आला होता. आणि तिथे कुणीतरी शिडी टाकून ठेवली होती गं. दुसऱ्याच कुठल्या तरी खेळाडूने, नाव जपानीत होतं. मी तिच्यावरून आलो आणि त्याला लाइक देऊन आलो."